अकरावी ओळ

शेंदूरजनाघाटच्या नत्थुजींचा संत्र्याचा बगीचा सत्तावीस वर्षांत थकला, तो काढावा लागला. नव्या रोपांचे खड्डे उद्या खोदायचे होते आणि आखणी कोणाची, यावरून बाप-लेकीची जुंपली होती. नत्थुजींचा भरवसा गाठी मारलेल्या दोरीवर आणि ती धरणाऱ्या भगवंत गड्यावर. हर्षा त्या बगीच्याच्याच वयाची, अमरावतीला नकाशांच्या ऑफिसात कामाला. आपल्या कामावर बापानं एकदा तरी विश्वास टाकावा, एवढीच तिची हौस. पण ती फार जुनी होती.

तिनं ओसरीवर लॅपटॉप उघडला. "बाबा, मी नकाशात एकच झाड काढलं. बाकी याले लिहून देल्लं. अठरा फुटांवर दुसरं ठेव, ओळ संपली का अठरा फूट खाली उतर, धुऱ्याच्या बांधापाशी थांब." तिनं बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सहाशे बारा हिरवी वर्तुळं शिस्तीत उभी राहिली.

कौतुकाचा शब्द काढला तर जीभ झिजेल, असा नत्थुजींचा स्वभाव. त्यांनी बोटानं ओळी मोजल्या.

"अकरावी सरळ काहून?"

हर्षाला हसावं की रडावं कळेना. जुन्या बगीच्यातली अकरावी ओळ मधूनच विहिरीकडे वाकलेली. सारं गाव त्यावरून चिडवायचं आणि नत्थुजी दर वेळी सांगायचे, दोरी ओली होती, आखडली. "तुमची चूक मी काहून करू, बाबा?"

"दोरी कोरडी ठाक होती," दारातून हर्षाची आई मैनाबाई म्हणाल्या. "दुसरं टोक माह्याच हातात होतं. मले कळा सुटल्या. हे दोरी टाकून गाडी आणाले पयाले. चार दिवसांनी उरलेली ओळ नुसत्या नजरेनं लावली. तू झाली होती ना, पाय कुठं ठरत होते ह्यांचे!"

नत्थुजी उगाच चष्मा पुसू लागले. आईकडे न बघताच हर्षानं आपल्या सूचनांत एक वाढवली: अकरावीत सातव्या झाडापासून थोडं थोडं विहिरीकडे सरक. पुन्हा बटण दाबलं. दहा ओळी सरळ आल्या, अकरावी वाकली, बारावी परत सरळ.

नत्थुजींनी पडद्याला नाक लावलं. "एवढी नव्हती वाकली. दोन फूट कमी कर."

तिनं केलं. ते अकरावीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, मग मैनाबाईंकडे वळले.

"भगवंतले फोन लाव. म्हणा, सकाळी ये, पण दोरी नको आणू."