गॅरेटची शिकवणी

मॅरन पेनरला शाळेतल्या निवडक हुशार मुलांच्या ऑनर सोसायटीत घेतलं तेव्हा कॉर्बेटमध्ये कुणालाच नवल वाटलं नाही. आमचं गाव गव्हाच्या कोठारांच्या सावलीत बसलेलं, एवढंसं. शाळेत कोण हुशार हे दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. सप्टेंबरात शाळेच्या जेवणघरात समारंभ झाला. विद्या, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य अशा चार मेणबत्त्या लावल्या. मॅरनने उजवा हात वर करून शपथ घेतली की खरं बोलेन आणि माझ्या विद्येचा दुसऱ्याला उपयोग होऊ देईन. मग केक कापला, फोटो काढले. इथवर सगळं सरळ होतं.

सोसायटीतल्या मुलांनी मागे पडलेल्यांना शिकवायचं, असा रिवाज. सोसायटीचं काम बघणाऱ्या ऑस्ट्रँडर बाईंनी मॅरनकडे गॅरेट डर्क्सनला सोपवलं. गॅरेट बीजगणितात नापास होत होता, आणि ते त्याच्यापेक्षा गावाच्याच जास्त जिवाला लागलं होतं. आमच्या शाळेत मुलं इतकी कमी की फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना पाडायच्या अमेरिकन फुटबॉलचा, संघसुद्धा सहा जणांचा. यंदा खेळणारे होते सात, आणि त्यातला सगळ्यात दांडगा गॅरेट. पण नापास मुलाने शुक्रवारच्या सामन्यात उतरायचं नाही, हा शाळेचा नियम. त्यात संघाचे प्रशिक्षक लाइल डर्क्सन म्हणजे त्याचे वडीलच. त्यामुळे मॅरन दूध आणायला गेली तरी कुणी ना कुणी विचारायचं, आमचा गडी पास होतोय ना?

शाळा सुटल्यावर दोघं ग्रंथालयात बसत. गॅरेट वेळेवर यायचा, मान डोलवायचा, समजलं म्हणायचा आणि चाचणीत सगळं चुकवून यायचा. मॅरनने शिकवण्याच्या तऱ्हा बदलून पाहिल्या. सफरचंदं मांडली, चित्रं काढली. शेवटी तिला वाटायला लागलं की आपल्यालाच शिकवता येत नाही. तिने आईला तसं सांगितलंही. आई म्हणाली, धीर धर.

एका दुपारी ती फळ्यावर समीकरण सोडवत होती. एक पद पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहून गेलं. गॅरेट खिडकीबाहेर पाहत होता.

"तिथे उणे येईल," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मॅरनने पुस्तकातलं पुढच्या धड्याचं सगळ्यात अवघड उदाहरण उघडून त्याच्यासमोर सरकवलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, उदाहरण मुकाट्याने सोडवलं आणि मग खोडरबराने सगळं पुसून टाकलं.

"तुला येतं की," ती म्हणाली.

"हळू बोल."

"मग नापास कशाला होतोस?"

तो पेन्सिल फिरवू लागला. "गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात मी एका पोराला पाडलं, आठवतं? त्याचं हाड मोडलं. मोडतानाचा आवाज मला ऐकू आला, मॅरन. आणि तिकडे लोक टाळ्या वाजवत होते. बाबासुद्धा."

"मग नाही खेळायचं म्हणून सांग ना त्यांना."

"तू सांगून बघ माझ्या बापाला." तो हसला, पण हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. "नापास झालं की कुणाला काही सांगावं लागत नाही."

आणखी काही आठवडे असंच शिकव आणि कुणाकडे बोलू नकोस, एवढंच त्याने मागितलं. मॅरन हो म्हणाली. घरी जाताना मात्र आपण नेमकं कशाला हो म्हटलं, हे तिला उमगेना. शपथ तर दोन्हींची घेतली होती, खऱ्याची आणि सेवेची. त्याला पास करणं ही सेवा, की नापास होऊ देणं? ऑस्ट्रँडर बाईंना तिने नाव न घेता विचारलं, की एखाद्याला मदत नकोच असेल तर काय करायचं. बाई म्हणाल्या, त्याच्या हिताचं असेल ते करायचं. ते तर तिलाही कळत होतं. हित कशात, तेवढंच कळत नव्हतं.

ते चोरून गणित करू लागले. गॅरेट पुढचे धडे सोडवायचा, एकदोनदा तर त्यानेच तिला सोपी रीत दाखवली. आणि चाचणीत भोपळा. गावात कुजबुज सुरू झाली. शिकवायला दुसरं कुणी देऊ का, असं बाईंनी फार हळुवारपणे विचारलं. मॅरन नको म्हणाली आणि तिला रात्रभर आपण खोटारड्या आहोत असं वाटत राहिलं.

सामन्यानंतरच्या शनिवारी सकाळी मैदान साफ करायचं कामही सोसायटीकडेच. मॅरन बाकांखालचे कागदी पेले गोळा करत होती. डर्क्सन सर पाण्याचे डबे न्यायला आले होते. ते तिच्यापाशी येऊन थांबले.

"मॅरन, एक विचारतो, खरं सांग. मी रागावणार नाही. त्याच्या डोक्यात शिरतच नाही का?"

गॅरेटला दिलेला शब्द तिला आठवला. पण समोरचा माणूस ओरडत नव्हता. थकला होता. मुलगा मंद आहे की काय, या भीतीने तो विचारत होता, हे तिला दिसलं.

"सर, त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं."

"मग?"

"ते त्यालाच विचारा."

डब्यातून पाणी ठिबकत होतं. सर गोलच्या खांबांकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, डबा खाली ठेवला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि रांगेच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर पेले वेचत गेले.

सोमवारी गॅरेट ग्रंथालयात आला नाही. नंतरही नाही. त्या शुक्रवारीही तो साध्या कपड्यांत कडेला उभा होता आणि संघ सहा जणांवरच खेळला. त्यातल्या एकाचा पाय मुरगळला, आणि शेवटचे दोन सामने शाळेने रद्द केले. दुकानात मॅरनच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने एक बाई म्हणाल्या, मेणबत्त्या लावून का कुणाला शिकवता येतं?

डिसेंबरात गॅरेट बीजगणितात वर्गात दुसरा आला. आता तेच लोक मॅरनची पाठ थोपटू लागले. सोसायटीच्या बैठकीत ऑस्ट्रँडर बाईंनी तिला उभं केलं आणि चिकाटी कशी असावी ते सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या. मॅरनला कुठे बघावं ते कळेना.

त्याच दिवशी शाळेच्या आवारात, गाड्या लावतात तिथे, गॅरेटने तिला गाठलं.

"तू सांगितलंस बाबांना?"

"त्यांनी विचारलं."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. आणि माझ्याबरोबर पेले उचलले."

हे त्याला कुठेच बसवता येईना, असा त्याचा चेहरा झाला. "मला एक शब्द बोलले नाहीत. पण सामने चालू असतानाच माझं हेल्मेट स्वतः शाळेत परत देऊन आले."

"रागाने?"

"तेच कळत नाही ना. घरी येऊन भाजलेला बटाटा खाल्ला, टीव्हीवर हवामान बघितलं आणि झोपले."

"माझ्यावर चिडलायस?"

त्याने खरंच विचार केला. "तेही कळत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात सरांचा पिकअप ट्रक येऊन थांबला. गॅरेट चढून वडिलांशेजारी बसला. काचेआड दोघं काही बोलत होते की नाही, ते दिसलं नाही. निघताना सरांनी स्टीअरिंगवरचं एक बोट उचललं. आमच्याकडे रस्त्यात भेटेल त्याला असंच बोट उचलतात, ओळख असो नसो. मॅरननेही हात वर केला, आणि ट्रक कोठारांच्या बाजूला वळेपर्यंत हात खाली घ्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.