दातांवरची झीज

"झीज कुठे गेली?" संग्रहालयातल्या बाईंनी दात खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

"काढली की," दातवाले म्हणाले. "तासून, वर पॉलिश मारून दिलंय. हात फिरवून बघा, कुठे खरखर लागली तर सांगा."

आता बाई खूष होणार, अशी त्यांची खात्री होती. कवळ्या करण्यात त्यांची हयात गेली होती. गावातले निम्मे म्हातारे माझ्याच दातांनी हसतात, असं ते चारचौघांत सांगत, आणि त्यात थाप फारशी नव्हती. त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. दातवाले म्हटलं की काम भागायचं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका देवमाशाचा जबडा प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा संग्रहालयानंही त्यांनाच बोलावलं. मूळ दातांचा दगड झालेला, ते कुलपात ठेवायचे. त्यांच्यावरून हुबेहूब दुसरे दात करायचे, एवढंच काम.

बाईंनी कपाट उघडून मूळ दात काढला आणि दोन्ही दात शेजारी शेजारी ठेवले. चपटा, पानाच्या आकाराचा, कडेला करवतीसारखे दाते असलेला दात. मूळ दातावर एका बाजूनं तिरकस, गुळगुळीत पट्टा होता. दातवाल्यांच्या दातावर तो नव्हता.

"हे मी हुबेहूब म्हणत होते," बाई म्हणाल्या.

"अहो, ती खराबी आहे. झिजका दात मी कुणाला देत नाही. लोक नवा मागतात."

"हा प्राणी काही मागायला येणार नाही. लोकांना तो जेवायचा कसा, ते बघायचंय."

जेवायचा कसा, हे दातवाल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आजच्या त्या अजस्र देवमाशाला दात नसतात, वरच्या जबड्याला झालरी असतात. तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून गाळायचं आणि मागे राहील ते गिळायचं. मग त्याचा दातवाला पूर्वजही तेच करत असणार, दातांच्या फटीतून. म्हणजे चाळणीच. हा सिद्धांत त्यांनी बायकोला ऐकवला, शेजारच्या चहावाल्याला ऐकवला आणि कवळीचं माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवला. तोंडात मापाचा लगदा भरलेला असल्यामुळे त्या बिचाऱ्यांना उलट बोलण्याची सोय नव्हती.

बाईंनाही त्यांनी तो ऐकवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला.

"काही जाणकारांनाही तसं वाटायचं," त्या म्हणाल्या. "पण दातवाले, चाळणीला धार कशाला लागते?"

दातवाल्यांनी दाताच्या करवती कडेवर अंगठा टेकवून बघितला.

बाईंनी वरचा आणि खालचा, असे दोन मूळ दात हातात घेऊन एकमेकांना घासत नेले. दोन्हींवरचे गुळगुळीत पट्टे नेमके जुळले. "बघा. कात्रीच्या पात्यांसारखे. हा मासे धरायचा, कापायचा. कदाचित आधी तोंडात ओढूनही घेत असेल, त्यावर अजून वाद आहेत. दात गेले आणि झालरी आल्या त्या पुढे. आजही देवमाशाच्या पिल्लाला आईच्या पोटात दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधीच विरून जातात. पण या प्राण्याचं तोंड कसं चालायचं, ते या झिजेवरून कळतं. तुमचे दात सुंदर आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांच्याकडे बघून वाटतं, हा कधी जेवलाच नाही."

शेवटचं वाक्य बाई सहज बोलून गेल्या. दातवाल्यांच्या ते जिव्हारी लागलं. कारण न जेवणारं एक माणूस त्यांच्या घरातच होतं.

ते म्हणजे त्यांचे वडील. साऱ्या गल्लीचे कपडे शिवलेले टेलरमास्तर. उरलेसुरले दात काढल्यावर मुलानं त्यांच्यासाठी कवळी केली, आणि अशी केली की दुकानात नमुना म्हणून ठेवावी. मास्तरांनी ती एकदा घातली, आरशात पाहिलं आणि काढून वाटीतल्या पाण्यात ठेवून दिली. "हे दात कुणा नटाचे आहेत, माझे नाहीत," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मऊ भाताचे चार घास घेत. बोळकं कुणाला दिसू नये म्हणून बोलणंही बंद. हाच माणूस पूर्वी जेवताना इतका बोलायचा की समोरच्याचा घास हातातच राहायचा.

दातवाले आधी चिडले. साऱ्या गावाला माझे दात चालतात आणि घरच्याच म्हाताऱ्याला चालत नाहीत, लोक काय म्हणतील? पण मास्तरांनी स्वतःच्या हातानं शिवलेला सदरा त्यांच्याच खांद्यावरून ओघळायला लागला, तेव्हा राग ओसरला आणि त्यांना भीती वाटू लागली. बाबा असेच झिजत जातील, आणि आपण दात करणारे असून बघत बसू.

संग्रहालयातून ते घरी न जाता दुकानात गेले. फळीवर प्लॅस्टरचे जुने साचे धूळ खात होते. त्यातला बाबांचा, दात काढण्याआधी घेतलेला साचा त्यांनी खाली काढला आणि अंगठा फिरवला. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक बारीक खाच होती. उभ्या आयुष्यात दोरा तोडून तोडून पडलेली. डाव्या दाढा उतरत्या झिजलेल्या, कारण टाचण्या धरायला उजवा कोपरा आणि चावायला डावी बाजू, ही मास्तरांची रीत. आणि दातवाल्यांनी काय केलं होतं? खाच बुजवली होती, दाढा सारख्या केल्या होत्या. खराबी म्हणून.

ते स्टुलावर टेकले. आपल्या बापाचं तोंड आपल्याला ओळखता आलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मग मात्र ते उठले. देवमासा इतकी वर्षं थांबला होता, आणखी थोडा थांबला असता. घरून ती कवळीची वाटी आणली, साचा समोर ठेवला आणि कानस घेतली. चांगल्या दाताला खाच पाडायची म्हणजे त्यांच्या धंद्यात पापच. पण त्यांनी ती पाडली, दाढाही साच्याबरहुकूम उतरत्या केल्या. हात त्यांचा खरोखरच चांगला होता.

"पुन्हा तेच?" संध्याकाळी मास्तर तोंडावर हात धरून पुटपुटले.

"एकदा घाला. नाही पटली तर मी विषय काढणार नाही."

मास्तरांनी कवळी घातली. ओठांच्या आतून जीभ फिरताना दिसली. मागे गेली, पुढे आली आणि एका जागी थांबली.

"खाच आहे," मास्तर म्हणाले.

"हो."

"मी कधी सांगितलं नव्हतं तुला."

"तुमच्या जुन्या साच्यात होती. मीच बुजवली होती."

मास्तरांनी मुलाकडे बघितलं. मग त्यांची नजर खाली त्याच्या शर्टावर गेली. "कुठून शिवून घेतोस रे हल्ली? बटणाचा दोरा लोंबतोय. ये इकडे."

दातवाले वाकले. मास्तरांनी त्यांच्या छातीशी तोंड नेलं, दोरा खाचेत धरला आणि मानेला एक हलका झटका दिला. दोरा तुटला.

"बाबा, रोज असा वापरलात तर तो दात तुटेल."

"तुटला तर दुसरा करशील."

"करीन."

"खाच ठेवून."

"खाच ठेवून," दातवाले म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुनेनं पानं वाढल्याची हाक दिली. मास्तर उठले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि बाहेर येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. सुनेनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि सावकाश, डाव्या बाजूनं चावायला लागले. दातवाल्यांचा घास हातातच राहिला.

तुटलेला दोरा मास्तरांच्या ओठाला चिकटून राहिला होता. तो त्यांनी चिमटीत धरला आणि नेहमीच्या सवयीनं सदऱ्याच्या खिशात टाकला.