कटल्याच्या पोटाखालचा गळ

गेणभाऊ दोन महिने नुसतं "बघू" म्हणत होते. होकार नाही, नकारही नाही. तेजस्विनी त्यांची एकुलती एक लेक, आणि कळंबच्या सुदर्शनशी तिचं जमलंय हे अख्ख्या घराला माहीत. सुदर्शन मंचरला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पोरगं कामाचं, घरची शेती बरी. तरी आपलं "बघू". शेवटी तेजस्विनीनेच फोनवर सांगितलं, "आबा धरणावर गळ टाकून बसले की मोकळं बोलत्यात. रविवारी त्यांच्यासंगं जा आन् इचारून टाक एकदाचं."

तर रविवारी सकाळी सातलाच सुदर्शन येडगाव धरणाच्या काठावर हजर. आयुष्यात मासा फक्त ताटात बघितलेला.

गेणभाऊंनी पेंडीचा लाडवाएवढा गोळा वळला, त्याच्याभोवती चार गळ खोचले आणि लांब फेकला. काठी दोन दगडांत रोवली. म्हणाले, "पावणं, आपला एक नेम हाय. माशानं खाल्लं, गळ तोंडात लागला, तर तो आपला. येता-जाता अंगात कुटं गळ घुसला, तर सोडायचा. जो आपल्यात जेवलाच न्हाई, त्याला कापायचं कसं? तीस वर्सं पाळतोय."

"भारी हाय नेम," सुदर्शन म्हणाला. त्या दिवशी त्याने कशालाही भारी म्हटलं असतं.

तीन तास काहीच नाही. सुदर्शनने चारदा घसा खाकरला आणि चारही वेळा कांद्याच्या बाजारावर बोलला. दहाच्या सुमाराला काठी एकदम कमानीसारखी वाकली.

"आरं आला! आला!" गेणभाऊ उठले ते चप्पल सोडूनच. रीळ किर्र करत सुटलं. मासा कसला, नांगर अडकल्यासारखं जड! शेजारी बसलेला चिमाजी ओरडला, "गेणभाऊ, म्हस लागली का काय?"

"तू तुझी खेकडी सांभाळ!"

अर्ध्या तासाने मासा काठाला आला. सुदर्शन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि जाळीत घेतला. कटला. आठ किलोला कमी नाही. वर गेणभाऊंना दम लागलेला, पण चेहरा पोरासारखा उजळलेला. "घरी फोन लावतो, वाटण घाला म्हणतो! महिनाभर टोमणं चाललेत, पाण्याला पेंड चारून येता म्हणून. तोंडात हाय ना?"

सुदर्शनने बघितलं. तोंड साफ. गळ पोटाखालच्या पंखाला अडकलेला.

नुसतं वाकून गळ काढला असता तर वरून काही दिसलं नसतं. त्याच्या मनात आलं. खरं सांगायचं तर, बोटंसुद्धा गळापर्यंत गेली. आज या माणसाला खूश ठेवायलाच तर आलोय.

"न्हाई भाऊ," तो म्हणाला. "पोटाखाली हाय."

"नीट बघ."

"बघितलं."

"गालफडाजवळ असंल. गालफड म्हंजी तोंडच."

"गालफड हे हितं, भाऊ. गळ हा तितं. मधी वीतभर मासा हाय."

चिमाजी खो-खो हसायला लागला.

"चष्मा लावून बघ!"

"मला चष्मा न्हाई."

"मग करून घे!" गेणभाऊंनी आभाळाकडं बघितलं, माशाकडं बघितलं. "आट किलोचा हाय रं..."

"व्हय. सोडू?"

"सोड." दाढ उपटावी तसा शब्द निघाला.

कटल्याने जाताना शेपटी अशी हाणली की सुदर्शनच्या नाकातोंडात पाणी. त्याला वाटलं, मासा गेला, पोरगी पण गेली. मग आता घाबरायचं कशाला?

"भाऊ, तेजूचं काय ठरवलं?"

"आत्ता? आत्ता इचारतोस?"

"सकाळधरनं इचारायचंय. धीर व्हत नव्हता."

"आन् माझा मासा सोडायला बरा धीर झाला!"

"नेम तुमचाच व्हता की."

गेणभाऊंनी त्याच्याकडं बराच वेळ डोळे वटारून बघितलं. मग खिशातनं मोबाईल काढला. "बापाचा नंबर सांग."

सुदर्शनने सांगितला.

"राम राम पावणं. तेजस्विनीचा बाप बोलतोय. तुमचं पोरगं लई आडमुठं हाय बगा... न्हाई न्हाई, भांडाण न्हाई! तोंडावर खरं बोलतंय, दुसरं काय. मला आजवर असं कुनी बोललं न्हाई. पुढच्या रविवारी या. सुपारी फोडून टाकू."

फोन खिशात गेला. सुदर्शन अजून पाण्यातच उभा, रिकामी जाळी छातीशी धरून.

"आता वर ये," गेणभाऊ म्हणाले, "का बैठक तितंच घालायची?"