पाळण्यावरचं छत

भर दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायला प्रमोदिनीबाई भाडेकरूंच्या खोलीत आल्या आणि त्यांची नजर वर गेली. पत्र्यांखाली ताणून बांधलेलं मांजरपाटाचं छत एका जागी खाली ओथंबलं होतं. बघता बघता ते ओझं हातभर पुढे सरकलं.

खाली पाळणा होता. त्यात अरुंधतीचं दोन महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

लोणावळ्याची हवा थंड म्हणून मुंबईची माणसं उन्हाळ्यात तिथं बिऱ्हाड करीत. पण वैशाखातल्या पत्र्यांना हवेचं काय? अरुंधतीचं पहिलं मूल गेल्या साली याच दिवसांत गिरगावातल्या खोलीत उकाड्यानं गेलं होतं. "घर गार राहील ना?" असं तिच्या यजमानांनी, माधवरावांनी, एकाच पत्रात दोनदा विचारलं होतं. राहील, असं प्रमोदिनीबाईंनी कळवलं आणि शब्द खरा करायला पत्र्यांवर भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर घातला. दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारायचा नेम ठेवला. खोलीतला पारा शहाण्णवावरून सत्त्याऐंशीवर आला.

पेंढा चढवताना कोंडाजी गड्यानं मूठभर काड्या तळव्यावर चोळून दाखवल्या होत्या.

"बाई, दाणा ऱ्हायलाय ह्यात. झोडणी बरी न्हाई झाली. पुन्ना झोडू, दोन दिस लागत्याल."

"दोन दिवस? उद्याच्या गाडीनं ती मंडळी येतायत. चढव तसाच."

"मंग उंदरास्नी बी आवतान धाडा," तो हसत म्हणाला होता.

उंदीर आवतणाशिवायच आले. आठवडाभर छतावर त्यांची धावपळ चालली होती. "काकू, वरच्या बिऱ्हाडात लगीनघाई दिसते," असं अरुंधती थट्टेनं म्हणायची. परवापासून वर सगळं शांत झालं. पीडा गेली म्हणून प्रमोदिनीबाईंना बरं वाटलं होतं. ती कशानं गेली, हे त्यांना आत्ता कळलं.

पाळण्याच्या दोऱ्या छताला भोक पाडून वरच्या तुळईला बांधल्या होत्या. भोकाभोवती ताटाएवढा पिवळा डाग पडला होता. पेंढ्यावर मारलेलं पाणी खिळ्यांच्या छिद्रांतून तिथं झिरपत होतं, आणि कापडाची शिवण कुजत चालली होती. ओझं त्या ओल्या डागाकडेच निघालं होतं. साऱ्या घरात ती जागा सगळ्यांत गार होती.

अरुंधती खाटेवर बसून एका हातानं दुपट्यांच्या घड्या घालत होती. दुसऱ्या हातानं ती पाळण्याची दोरी ओढत होती. दर झोक्याला छत थरथरत होतं आणि शिवणीचा एखादा टाका सुटत होता.

"अरुंधती, दोरी सोड." प्रमोदिनीबाईंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"थांबला की उठतो हो तो."

"सोड म्हणते ना. आणि वर बघू नकोस."

अरुंधतीनं वर बघितलंच. तिच्या हातातलं दुपटं खाली पडलं. दोरीही सुटली.

पाळणा आपोआप थांबायला हवा होता. हातानं धरला तर हिसका बसणार. प्रमोदिनीबाई पावलापावलानं जवळ गेल्या. झोका लहान झाला, आणखी लहान झाला. ओझं डागाच्या काठाशी येऊन थबकलं. उसवलेल्या फटीतून खवल्यांचा काळपट पट्टा दिसला. त्यांनी दोन्ही हात बाळाच्या अंगाखाली सरकवले. बाळाची मूठ पाळण्याच्या दोरीभोवती घट्ट आवळलेली होती. एक हात काढून एकेक बोट सोडवावं लागलं. पाचवं सुटलं तसं त्यांनी बाळ छातीशी घेतलं आणि त्या मागे सरल्या.

बाळाचा भार उतरताच पाळणा हलला. शिवण टरकन फाटली.

रिकाम्या पाळण्यात वरचं ओझं धपकन पडलं आणि फणा काढून उभं राहिलं.

"कोंडाजी!"

तो धावत आला, दारातच थिजला. "जनावर हाय. नाव नगा घिऊ, बाई. भिताडाला लागून भाईर व्हा." त्यानं वाळ्याचा ओला पडदा ओढून काढला, पाळण्यावर टाकला, कडा दाबून धरल्या, कमरेच्या कोयत्यानं दोऱ्या तोडल्या आणि सगळं बोचकं उचलून ओढ्याकडे पळत सुटला.

अंगणातल्या आंब्याखाली बाळ हातात घेताना अरुंधती एवढंच म्हणाली, "छत काढा. पेंढाही काढा."

पेंढा त्याच दिवशी उतरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पारा सत्त्याण्णवावर गेला. आंब्याखालीही बाळाचं तोंड लालबुंद झालं, ते दूध पिईना. अरुंधती पंचा भिजवून त्याचं अंग पुसत होती आणि त्याचे श्वास मोजत होती. अंगणात कोंडाजी पेंढा झोडत होता. शेजारी बसून प्रमोदिनीबाई प्रत्येक पेंढी चोळून बघत होत्या. एक जरी दाणा हाताला लागला तरी ती पेंढी परत झोडायला देत होत्या. बरोबर दोन दिवस लागले.

चौथ्या दिवशी झोडलेला पेंढा पत्र्यांवर चढला आणि पारा पुन्हा सत्त्याऐंशीवर आला. बाळ पोटभर प्यायलं आणि अरुंधतीच्या मांडीवरच झोपलं. पाळणा टांगू, असं कोणीच म्हणालं नाही.

वर आता छत नव्हतं, खालून नुसते उघडे पत्रे दिसत होते. त्यांवर काहीच वाजत नव्हतं. त्या दुपारीही वाजत नव्हतं. दोघी माना वर करून ऐकत बसल्या.