वळणावरचा दगड

मिस्त्रीने साखळी ओढली तसं जुनं इंजिन जीपच्या पोटातून हळूहळू वर आलं आणि हवेत जराशी गिरकी घेऊन काकूंच्या समोर थांबलं. त्यातून तेल ठिबकत होतं. काका, कुणी वडीलधारं माणूस खोलीत आल्यासारखे, स्टुलावरून उठून उभे राहिले.

"काका, काय छळलं असेल हो याने तुम्हाला!" मिस्त्री म्हणाला.

"मला नाही. हिला," काका म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. हात स्वच्छच होते.

काका वेधशाळेत नोकरीला होते. वेधशाळा टेकडीच्या माथ्यावर आणि तिच्या मागे त्यांचं स्वतःचं घर. निवृत्तीनंतरही ते घर त्यांनी सोडलं नव्हतं. रस्ता कच्चा आणि चढ असा, की जीप एका दमात वर गेली असं कधी झालंच नाही. शेवटच्या वळणावर रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागायचं. काका गाडी थांबवायचे आणि काकू पायाशी पेटीत ठेवलेला दगड उचलून टुणकन खाली उतरायच्या. हँडब्रेकवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. मागच्या चाकाला दगड लागला की बॉनेट उघडायचं आणि गाडी निवेपर्यंत दोघांनी कठड्यावर बसून राहायचं. लेक लहान असताना आईला 'दगडखात्याच्या मंत्री' म्हणायची.

घरात काका तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे असायचे. आकाशातल्या ढगांबद्दल विचारलं तर तासभर बोलतील, मनातल्या ढगांबद्दल अवाक्षर नाही. त्या वळणावर मात्र त्यांना वाचा फुटायची. मोठी बढती नाकारतोय, हे त्यांनी तिथंच सांगितलं. लेकीने परस्पर लग्न ठरवलंय, हे काकूंनी त्यांच्या कानावर तिथंच घातलं. काकांनी तेव्हा बॉनेटमध्ये डोकं खुपसलं होतं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन विचारलं होतं, "मुलगा बरा आहे ना?" पुढे पुढे काकूंना सवयच लागली. अवघड काही असलं की त्या ते पोटात ठेवायच्या आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघायच्या.

आताही त्यांच्या पोटात एक गोष्ट होती. माझ्या शेजारची जागा रिकामी झालीय, तुम्ही दोघं आता खाली राहायला या, म्हणून लेक कधीची मागे लागली होती. काकू हसण्यावारी न्यायच्या. पण मागच्या खेपेला दगड घेऊन उतरताना गुडघ्याने दगा दिला आणि त्या रस्त्यातच फतकल मारून बसल्या. "बघा, मंत्रिमंडळ कोसळलं," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. काका हसले नाहीत. त्याच आठवड्यात काकूंनी लेकीला फोनवर हळूच हो सांगून टाकलं. काकांना सांगायचं तेवढं बाकी होतं. आणि तेवढ्यात, जेवता जेवता, काकांनी जाहीर केलं, "जीपला मोठं इंजिन बसवतोय."

माणूस मोठं इंजिन बसवतो म्हणजे त्याला शेवटपर्यंत वरच राहायचंय, हे न कळण्याइतक्या काकू भोळ्या नव्हत्या.

नवं इंजिन, म्हणजे एका मोडीत निघालेल्या पिकअपचं, बसायला बरेच दिवस लागले. ते आडदांड होतं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, आधाराच्या पट्ट्या नव्याने वेल्ड कराव्या लागल्या. जीप ताब्यात घ्यायला दोघं गेले, तेव्हा मिस्त्री कान खाजवत काकूंपाशी आला.

"काकू, सायलेन्सरचा पाइप तुमच्या बाजूने न्यावा लागला. पायाशी ती पेटी होती ना, ती कापली. त्यातला हा दगड टाकून देऊ? आता काही लागायचा नाही."

"आण इकडे."

एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला तो काळा दगड काकूंनी मांडीवर घेतला. काकांनी किल्ली फिरवली. खणखणीत, अनोळखी आवाज आला. जुनी जीप खोकल्याशिवाय कधी उठत नसे.

चढ सुरू झाला. काका सरळ ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले. काकू मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. लेकीपासून सुरुवात करावी की गुडघ्यापासून? वळण जवळ आलं. त्यांचा एक हात दगडाखाली गेला, दुसरा दाराच्या कडीवर. कठडा दिसला, आणि दिसता दिसता मागे पडला. जीप साधी कुरकुरलीसुद्धा नाही. बघता बघता घर आलं.

"बघितलंस?" काका म्हणाले. चेहरा कसा लहान मुलासारखा झाला होता.

"बघितलं," काकू म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, आणि ते त्या नव्या इंजिनाला दिसू नये असं वाटत होतं.

काकांनी इंजिन बंद केलं नाही. ते काकूंच्या हाताकडे बघत होते. कडी अजून त्यांच्या मुठीतच होती. काकांनी जीप अंगणात वळवली, टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेली आणि पुन्हा चढाला घातली. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला.

"अहो, काय झालं? तापली का?"

"नाही." त्यांनी काकूंच्या मांडीवरचा दगड उचलला, स्वतः खाली उतरले आणि मागच्या चाकाला लावून आले. मग काकूंच्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला. "ये. बोल."

काकू कठड्यावर बसल्या. "मी लेकीला हो म्हटलंय," त्या म्हणाल्या. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "खाली राहायला यायचं. तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही तर हे एवढं इंजिन..."

"मोठं इंजिन वर राहणाऱ्याला कशाला लागतं?" काका म्हणाले. "राहणारा उतरतो बाजाराला कधीतरी, येताना थांबत थांबत आला तरी चालतं. तू रस्त्यात बसलीस ना, त्या दिवशीच मी ठरवलं, खाली जायचं. म्हटलं, तुला इथं सांगू. पण खाली राहून दर रविवारी वर यायचं म्हणजे गाडीला दम नको?"

काकू त्यांच्याकडे वळल्या. "मग सांगितलं का नाहीत इतके दिवस?"

"गाडी मिस्त्रीकडे होती."

काकूंना हसू फुटलं. पदराने डोळे पुसत त्या हसतच राहिल्या. काका सवयीने उठले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघितलं.

"थंड आहे," ते म्हणाले.

"असू दे. उघडंच ठेवा," काकू म्हणाल्या आणि कठड्यावर त्यांच्यासाठी जागा करून सरकल्या.