तांब्याची तार आणि काकूंचा हात

"डोळे मिटा! यंत्राला लाज वाटते," कॉम्प्युटर दुरुस्त करायला बोलावलेले यंत्रगुरू म्हणाले आणि रक्ततपासणी केंद्रातल्या सगळ्यांनी डोळे मिटले. रक्त द्यायला आलेल्या रुग्णांनीसुद्धा.

काउंटरवरचा कॉम्प्युटर हल्ली सुरू व्हायला इतका वेळ घेई, की उपाशीपोटी आलेली माणसं रांगेतच मटकन बसत. गुरूंनी माउसला तांब्याची तार गुंडाळली, काहीबाही पुटपुटत बटणं दाबली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पडदा झटकन उजळला. टाळ्या पडल्या.

"यात शोक साचला होता," काउंटर सांभाळणाऱ्या काकूंकडे बघत गुरू म्हणाले. "नवरा गेलेल्या बाईच्या हाताची लहर यंत्राला सोसत नाही."

काकूंचा नवरा नुकताच वारला होता.

"तरीच!" बिलं करणारा म्हणाला.

केंद्राचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, यांनी मान डोलावली. "काकू, उद्यापासून मागे बाटल्या धुवा. राग मानू नका."

मी इथली धाकटी डॉक्टर. मी डोळे मिटले नव्हते.

"तार काढते हं, गुरुजी. काकू, आता तुम्ही लावा."

"अनर्थ होईल!"

मी यंत्र बंद केलं आणि काकूंनी बटण दाबलं. पडदा तितक्याच झटकन उजळला.

"मंत्राचा अंमल आहे अजून," गुरू घाम पुसत म्हणाले.

"मग तो उतरवू या."

कॉम्प्युटर लावताच आपोआप उघडणारे प्रोग्राम मी पडद्यावर आणले. गुरूंनी मंत्र पुटपुटत तेच बंद केले होते. मी एकेक मोठ्याने वाचून पुन्हा चालू केला.

"पत्त्यांचा खेळ. कोणाचा?" बिलं करणारा खाली बघू लागला. "गाणी, नर्सबाई. शेअर बाजार, मोठे डॉक्टर."

काकू डबा खायला उठल्या, की प्रत्येकजण इथे बसून काहीतरी भरून ठेवत होता. सकाळी ते सगळे एकदम जागे होत आणि त्या गर्दीत यंत्र घुसमटे.

मी यंत्र बंद करून तार पुन्हा गुंडाळली. "आता तुमच्या पवित्र हाताने, गुरुजी."

गुरूंनी बटण दाबलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"गुरुजी," रांगेतले एक आजोबा म्हणाले, "तुमच्या घरी कोण वारलं?"

हशा उसळला. गुरू तार तिथेच टाकून सटकले. मी नको ते प्रोग्राम परत बंद केले. गुरूंना हसणाऱ्यांपैकी काकूंकडे मात्र कोणी बघेना.

"बसा काकू," मोठे डॉक्टर म्हणाले. "फक्त सकाळचं बटण दुसरं कोणीतरी दाबेल. उगाच मनाला शंका नको."

"तुमच्या मनाचं तुम्ही बघा, डॉक्टर." काकूंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

वाचकहो, यंत्र रखडलं तर त्यात आपण काय भरून ठेवलंय ते आधी तपासा. बटण दाबणाऱ्या बाईचा नवरा जिवंत आहे की नाही, हे यंत्राला कळत नाही. ते विचारायचं नसतं, एवढं आपल्याला तरी कळायला हवं.