पाटावरची सावली

आमच्या वडिलांना घरीदारी सगळे भय्यासाहेब म्हणत. त्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपलं घड्याळ, जे ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांबरोबर लावत. दुसरं आपलं गाव. जुन्या काळी सगळ्या हिंदुस्थानची वेळ उज्जैनवरून मोजत असत, हे पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत ते सांगून टाकत. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की लग्न होऊन देवासला गेल्यावर कानांना सुटी लागल्यासारखं वाटलं.

नव्वदनंतरची ती वर्षं. एका जूनमध्ये मी उज्जैनला, माधव नगरातल्या माहेरी आले, तर घरात वेगळंच रामायण चालू होतं. फ्रीगंजच्या बाजारात कूलर लावलेले कोचिंग क्लास निघाले होते, ज्याचं त्याचं पोर कॉम्प्युटर इंजिनियर व्हायला निघालं होतं, आणि माझी वहिनी चारुलता आपल्या मुलांना विज्ञान शिकवायची ते स्वयंपाकघरात. तेही तिघांना एकदम. अश्विनी दहावीत, तुषार सहावीत आणि जयू अजून चपला उलट्या घालणारी. भय्यासाहेबांच्या मते हा पोरखेळ होता. जुलैपासून मोठ्या दोघांना कोचिंगला घालायचं त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं.

वहिनीची रीत साधी होती. पुरी तळायला घेतली की काय दिसलं ते आधी जयूने सांगायचं. मग तुषारने मोजायचं, किती वेळात फुगली, जाड लाटली तर काय होतं. का फुगली ते अश्विनीने सांगायचं, पण धाकट्यांचं ऐकून झाल्याशिवाय तिने तोंड उघडायचं नाही. मी स्वतः शाळेत शिकवते. एका वर्गाला एक धडा शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. ही बाई एका पुरीवर तीन इयत्ता शिकवायची आणि पुरीही करपू द्यायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा, सांगून टाकते.

सासऱ्यांशी वाद न घालता तिने एवढंच मागितलं की एकवीस जूनला बारा वाजता त्यांनी गच्चीवर यावं. त्या दिवशी सूर्य उज्जैनच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वेधशाळा गावातच आहे, पण तिथे आम्ही फक्त पाहुण्यांना नेतो. मुलं हे घरीच दाखवणार होती. त्यात काही दम वाटला नाही, तर तिने स्वतः मुलांना कोचिंगला घालून यायचं ठरलं.

पाऊस लांबला होता, गच्ची तापली होती. तुषारने जुन्या पाटावर मच्छरदाणीची अर्धी काठी ठोकली होती आणि दोऱ्याला किल्ली बांधून ती सरळ आहे ना ते तपासलं होतं. भय्यासाहेब छत्री उघडून खुर्चीवर बसले. बारा वाजले. काठीची सावली चांगली चार बोटं होती.

"सूनबाई, टाईम तर झाला," भय्यासाहेब म्हणाले. "सावली जागेवरच आहे."

शिकवताना तोंडघशी पडलं की आम्ही मास्तर लोक काय करतो ते मला ठाऊक आहे. आम्ही पोरांवर ओरडतो आणि पुढचा धडा काढतो. वहिनीचा चेहरा उतरला होता, पण ती पाटाजवळ उकिडवी बसली आणि मुलांना म्हणाली, "बारा मी सांगितले होते. माझं काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते शोधा. जयू, तू आधी."

जयू पाटाशेजारी जवळजवळ आडवीच झाली. सावली लहान होतेय, थांबलेली नाही, असं तिने सांगितलं. तुषारने सावलीच्या टोकाला खडूची रेघ मारली, थोडा थांबला आणि दुसरी मारली. दुसरी काठीच्या जवळ होती. अश्विनी केव्हाची ओठ दाबून उभी होती. पाळी येताच ती आजोबांच्या खुर्चीपुढे गेली.

"आजोबा, तुमचे बारा रेडिओचे आहेत. सगळ्या देशाची घड्याळं अलाहाबादकडच्या वेळेवर लावतात. सूर्य आधी तिकडे मध्यावर येतो, मग आपल्याकडे. उज्जैनचे बारा अजून वाजायचेत. थोडं रुका."

जन्मभर लोकांना उज्जैनची वेळ ऐकवणारा माणूस मनगटावर अलाहाबाद बांधून फिरत होता. मला हसू फुटत होतं, पण वडील आहेत म्हणून गिळलं.

आता ते रागावणार असंच मला वाटलं. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, छत्री मिटली आणि गुडघे कुरकुरत असतानाही पाटाजवळ खाली बसले. रेघा काठीकडे सरकत गेल्या. अर्ध्याएक तासाने सावली काठीच्या बुडाशी शिरली आणि दिसेनाशी झाली. जयू आपली सावली शोधत स्वतःभोवतीच गोल फिरली.

"सूनबाई, खरं सांग," भय्यासाहेब म्हणाले. "हे वेळेचं तुला आधी माहीत होतं?"

"नव्हतं," वहिनी म्हणाली. "आत्ता आम्हा चौघांना कळलं."



"पाच म्हण," ते म्हणाले. "त्या कोचिंगवाल्याला मी सांगतो, मुलांना फुरसत नाही."

खरं तर सहावी मी होते, पण गप्प बसले. देवासच्या शाळेत मी भूगोल शिकवते.